हात इकडे, पंजा तिकडे

गेले तीन शनिवार आमच्या गॅलरीत एक विचित्र प्रकार चालू आहे. माझ्या उजव्या हाताला दंडापासून मनगटापर्यंत अ‍ॅल्युमिनियमच्या पट्ट्या बांधलेल्या असतात. खांद्याला, कोपराला आणि मनगटाला जुन्या रेडिओच्या आवाजाचा असतो तसला एकेक नॉब, आणि एक बोटांजवळ. त्यातून निघालेल्या रंगीबेरंगी वायरी टेबलावरच्या अर्डुइनोत शिरतात. समोर फूटभर उंचीचा एक यांत्रिक हात उभा असतो आणि मी जे करीन ते तो करतो. म्हणजे करायचा प्रयत्न करतो. समोरच्या बिल्डिंगमधल्या काकूंना पहिल्या शनिवारी वाटलं होतं की माझा हात मोडलाय. आता त्यांना काय वाटतं ते विचारायची माझी हिंमत नाही :)

सगळा खर्च तीन हजार चारशे रुपये. नॉब म्हणजे पोटेंशिओमीटर, तपकीर गल्लीत वीस रुपयाला एक. महाग पडल्या त्या फक्त समोरच्या हाताच्या मोटारी. आता कुणीही म्हणेल, एवढ्या स्वस्तात होतं तर आधी का नाही झालं? मलाही हाच प्रश्न पडला होता. उत्तर शोधायला बसलो आणि कळलं की हे आधीच झालंय, पंच्याहत्तर वर्षांपूर्वी. फक्त तेव्हा ते स्वस्त नव्हतं आणि माझ्या यंत्रात नसलेली एक गोष्ट त्यात होती. ती कोणती, ते मला बाबांनी दाखवलं. पण ते शेवटी.

आधी एक खुलासा. अंगावर चढवायच्या अशा सांगाड्याला एक्सोस्केलेटन म्हणतात. खेकड्याचं कसं, हाडं बाहेर आणि मांस आत, तसं. सिनेमातून आपल्याला माहीत असतो तो ताकद वाढवणारा प्रकार: चढवला की माणूस मोटार उचलतो वगैरे. दुसरा प्रकार त्यामानाने गरीब आहे. तो काहीच उचलत नाही. तुमचा प्रत्येक सांधा किती अंशात वळलाय एवढंच मोजतो आणि दुसरीकडच्या यंत्राला कळवतो. माझा हा दुसऱ्या प्रकारचा. गंमत म्हणजे दोन्हींचं मूळ घराणं एकच.

शिकागोजवळची जाड भिंत

दुसरं महायुद्ध संपलं तेव्हा अमेरिकेत एक नवीनच अडचण उभी राहिली. अणुभट्टीतून निघालेलं किरणोत्सारी इंधन कापायचं, विरघळवायचं, तपासायचं, पण हात न लावता. शिकागोजवळ १९४६ मध्ये आर्गॉन नॅशनल लॅबोरेटरी सुरू झाली. तिथे रेमंड गर्ट्झ नावाच्या इंजिनिअरकडे हे काम आलं. जाड भिंतीची खोली (तिला 'हॉट सेल' म्हणतात), शिसं मिसळलेल्या जाडजूड काचेची खिडकी, आत ते जहाल पदार्थ आणि बाहेर माणूस.

सुरुवातीचा विचार तुमच्या-माझ्यासारखाच होता. आत मोटारीवर चालणारा हात ठेवायचा आणि बाहेर बटणं. एक बटण दाबलं की वर, दुसरं दाबलं की खाली. चाललं, पण कासवाच्या गतीने. बाटलीचं झाकण फिरवायचं म्हटलं तरी पाच-सहा बटणांचा हिशेब डोक्यात ठेवायचा. आणि आतला हात बाटलीला नुसता टेकलाय की तिला चिरडतोय, हे बाहेर कळायला मार्ग नाही.

मग गर्ट्झने बटणं काढून टाकली. भिंतीच्या बाहेर एक हात, आत तसाच दुसरा, आणि दोघांना जोडणाऱ्या पोलादी तारा नि पट्ट्या भिंतीच्या वरून नेलेल्या. बाहेरची मूठ वळवली की आतला पंजा तेवढाच वळणार. या यंत्राच्या पेटंटसाठी त्याने १९४९ मध्ये अर्ज केला आणि ते १९५३ मध्ये मिळालं. नाव पडलं 'मास्टर-स्लेव्ह मॅनिप्युलेटर'. मालक आणि गुलाम. (आजकाल हे शब्द नको वाटतात म्हणून 'लीडर' आणि 'फॉलोअर' म्हणतात. काम तेच.)

आता यातली खरी मजा बघा. तार दोन्हीकडून ओढली जाते. बाहेरून ओढली की आतला हात हलतो हे तर झालंच, पण आतला पंजा कशाला अडला की तीच तार बाहेरच्या मुठीलाही अडवते. म्हणजे स्पर्श फुकटात परत येतो! सेन्सर नाही, वीज नाही, काही नाही. आडातून पाणी शेंदताना घागर पाण्याला टेकली की दोर हातात सैल पडतो आणि न बघता कळतं, तसंच हे.

पण तारेला मर्यादा असते. ती भिंतीवरून जाईल, गावावरून कशी जाणार? म्हणून गर्ट्झने १९५४ मध्ये पुढची पायरी गाठली. तारा काढून टाकल्या आणि दोन्ही बाजूंच्या प्रत्येक सांध्याला मोटारी लावल्या. दोन सांध्यांच्या कोनात फरक पडला की दोन्हीकडच्या मोटारी तो फरक मिटवायला जोर लावणार. त्यामुळे आतला हात अडला की बाहेरच्या माणसाला तो जोर जाणवणार. आज ज्याला आपण 'फोर्स फीडबॅक' म्हणतो तो हाच. फुकटचा स्पर्श गेला आणि विकतचा आला. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

या यंत्रांचं टोपणनाव मात्र एका गोष्टीतून आलं. रॉबर्ट हाइनलाइन या लेखकाने ऑगस्ट १९४२ मध्ये 'वाल्डो' नावाची विज्ञानकथा लिहिली होती, तीही टोपणनावाने. तिचा नायक स्नायूंच्या दुबळेपणामुळे स्वतःचा हातही नीट उचलू शकत नाही. म्हणून तो हातमोज्यांसारखी यंत्रं बनवतो आणि त्यांनी दूरचे लहानमोठे यांत्रिक हात चालवतो. पुढे इंजिनिअर लोक अशा यंत्रांना सर्रास 'वाल्डो' म्हणू लागले. म्हणजे कल्पना आधी आली ती दुबळ्या माणसाला हात देण्याची, अणुबॉम्बची नव्हे. हे मला आवडलं.

आणि हे सगळं फक्त अमेरिकेत घडलं असंही नाही. आपल्या तुर्भ्याला १९५६ मध्ये 'अप्सरा' अणुभट्टी सुरू झाली, १९६० मध्ये 'सायरस', आणि १९६४ मध्ये वापरलेल्या इंधनातून प्लुटोनियम वेगळं काढायचा कारखाना. भट्टी आली की हॉट सेल आला आणि हॉट सेल आला की लांबचे हात आलेच. भाभा अणुसंशोधन केंद्राने पुढे असे मास्टर-स्लेव्ह हात स्वतः विकसित केले. चेंबूरहून ट्रेनने जाताना उजवीकडे-डावीकडे टेकड्या बघत आपण शेंगदाणे खात असतो, आणि त्या टेकड्यांपलीकडे कुणीतरी जाड काचेतून बघत हे असले हात चालवत असतं. मला हे वयाच्या पस्तिशीत कळलं. असो.

दीडशे नव्हे, सहाशे ऐंशी किलोंचा कोट

इथून गोष्ट जनरल इलेक्ट्रिक कंपनीत जाते. तिथे राल्फ मोशर नावाचा इंजिनिअर होता. १९५० च्या दशकाच्या शेवटी त्याने 'हँडीमॅन' बनवला: हातांवर चढवायचा सांगाडा आणि त्याच्या इशाऱ्यावर चालणारे दोन हायड्रॉलिक हात, तेही स्पर्श परत देणारे. या हातांनी हुला-हूप फिरवतानाचा त्याचा फोटो प्रसिद्ध आहे. त्या काळात हुला-हूपचं खूळ होतं, आणि हूप फिरवायला जोरापेक्षा ताल लागतो. डेमो कसा द्यावा हे मोशरला बरोबर कळलं होतं.

मग हाव सुटली. माणसाच्या हाताचा इशारा कळतोय ना, मग तो इशारा पंचवीस पट मोठा करू. १९६५ मध्ये अमेरिकन लष्कर आणि नौदलाच्या पैशातून 'हार्डिमॅन' सुरू झाला. पूर्ण अंगाचा कोट, त्यात माणूस उभा. आतला सांगाडा माणसाची हालचाल मोजणार, बाहेरचा सांगाडा ती जोरात करणार. म्हणजे गर्ट्झची मालक-गुलाम जोडी, फक्त मधली भिंत काढून एकावर एक चढवलेली! उचलायचं होतं सुमारे ६८० किलो. कोटाचं स्वतःचं वजनही तेवढंच भरलं.

काय झालं? एक हात चालला. त्याने ठरल्याच्या निम्मं, सुमारे ३४० किलो वजन उचललं. पण पाय हलवायला गेले की अख्खं यंत्र बेफाम थरथरायला लागायचं. आत माणूस ठेवून पूर्ण कोट चालवायचं धाडस कुणी केलंच नाही, आणि १९७१ च्या सुमाराला प्रकल्प गुंडाळला. कारण आपल्याला ओळखीचं आहे. फीडबॅक लूपमध्ये उशीर झाला की सुधारणा चुकीच्या वेळी पोचते आणि चूक मिटण्याऐवजी वाढते. अंघोळीला गरम-थंड नळाशी खेळताना आपण हेच करतो. एकदा भाजतो, एकदा गारठतो. तिथे नळाच्या जागी सहाशे ऐंशी किलो पोलाद होतं, एवढाच फरक.

उशिराचा हा प्रश्न त्याच सुमाराला एमआयटीतही अभ्यासला जात होता. चंद्रापर्यंत सिग्नल जाऊन यायला सुमारे अडीच सेकंद लागतात. मग इथून तिथला हात चालवायचा कसा? विल्यम फेरेल यांनी १९६० च्या दशकात प्रयोग करून पाहिलं तर माणसं आपसूकच एक युक्ती करत होती: थोडं हलवा, थांबा, काय झालं ते बघा, पुन्हा थोडं हलवा. व्हिडिओ कॉल अडकला की आपण बोलतो तसं. काम होतं, पण जीव जातो.

करमणुकीच्या वाटेने

गंभीर लोकांनी जिथे हात टेकले तिथून करमणूकवाल्यांनी उचललं. १९६४ च्या न्यूयॉर्कच्या जागतिक प्रदर्शनात जनरल इलेक्ट्रिकच्याच मंडपात (योगायोग बघा) डिस्नीने बोलक्या-हलत्या पुतळ्यांचा खेळ मांडला होता. त्या पुतळ्यांच्या हालचाली भरायला वेथल रॉजर्स हा कारागीर अंगावर सांगाडा चढवून बसायचा. तो जसा हात हलवील, मान वळवील, तसे सिग्नल टेपवर उतरायचे आणि मग पुतळा रोज तेच करायचा. रॉजर्सने एकदा मान वळवली, पुतळ्याने किती हजार वेळा वळवली असेल कोण जाणे.

तीच गोष्ट १९९३ च्या 'ज्युरासिक पार्क'ची. त्यातला मोठा यांत्रिक टी-रेक्स चालवायला त्याचीच एक छोटी प्रतिकृती होती. माणसं तिचे सांधे हातांनी हलवायची आणि मोठा डायनोसॉर तसा हलायचा. तिचं नाव? वाल्डो! संगणकातल्या डायनोसॉरांसाठीही सांध्यासांध्याला सेन्सर लावलेले सांगाडे बनवले होते. अनेक वर्षं मातीचे आणि रबराचे प्राणी हातांनी हलवत आलेल्या कलाकारांची बोटं माऊसवर चालेनात, म्हणून.

हातमोज्यांची कथा वेगळी आणि जरा केविलवाणी. १९७७ मध्ये शिकागोच्या इलिनॉय विद्यापीठात डॅनियल सँडिन आणि थॉमस डिफँटी यांनी बोटांवर लवचिक नळ्या लावलेला 'सेयर ग्लव्ह' बनवला. बोट वाकलं की नळीतून जाणारा प्रकाश कमी होतो, तो मोजायचा. मग १९८७ च्या सुमाराला व्हीपीएल कंपनीचा 'डेटाग्लव्ह' आला, किंमत नऊ हजार डॉलरच्या आसपास. आणि १९८९ मध्ये मॅटेल कंपनीने निंटेंडोसाठी त्याचाच गरीब भाऊ काढला, 'पॉवर ग्लव्ह', साधारण पंचाहत्तर डॉलरला. प्रकाशाच्या तंतूंऐवजी वाकली की रोध बदलणाऱ्या शाईच्या पट्ट्या. खेळणं म्हणून तो आपटला, लवकरच बंदही झाला. पण ज्यांना नऊ हजार डॉलर परवडत नव्हते अशा हौशी लोकांनी तो उघडून, वायरी बदलून संगणकाला जोडला. माझ्या गॅलरीतल्या प्रकाराचे खरे पूर्वज मला वाटतं हेच लोक.

स्वस्त झालं ते कशामुळे

सेन्सर स्वस्त झाले ते मात्र रोबोटवाल्यांमुळे नव्हे. १९९० च्या दशकात मोटारींमध्ये एअरबॅग आल्या. टक्कर झाली हे ओळखायला सिलिकॉनच्या तुकड्यावर कोरलेला, धक्का मोजणारा सूक्ष्म सेन्सर लागायचा, आणि तो लाखोंनी बनू लागला. २००६ मध्ये निंटेंडोने तसलाच सेन्सर 'वी'च्या रिमोटमध्ये घातला, २००७ मध्ये आयफोनमध्ये आला, आणि मग प्रत्येकाच्या खिशात. २००५ मध्ये इटलीतल्या इव्रेआ गावी अर्डुइनो जन्मला. त्याच वर्षी इंग्लंडमध्ये बाथ विद्यापीठात एड्रियन बोयर यांनी घरी बनवता येईल अशा थ्रीडी प्रिंटरचा प्रकल्प सुरू केला. एवढ्या गोष्टी जमल्यावर पंगत बसायला कितीसा वेळ?

मीही आधी मोबाईलमधला असतो तसलाच सेन्सर वापरला. दीडशे रुपये, मनगटाला बांधायचा, झालं. पहिल्या शनिवारी हात टेबलावर शांत ठेवून चहा प्यायला लागलो, तर यांत्रिक हात आपला हळूहळू डावीकडे वळतोय. भुताटकी! कारण साधं निघालं. यातला जायरो फिरण्याचा वेग मोजतो, कोन नाही. वेगाची बेरीज करत कोन काढायचा, आणि प्रत्येक बेरजेत इवलीशी चूक. वाण्याच्या वहीत रोज चार आणे चुकले तर वर्षअखेरीस काय होईल, तेच. वर-खाली झुकण्यातली चूक गुरुत्वाकर्षणाच्या आधाराने सुधारता येते, पण डावी-उजवी फिरण्याला तो आधारही नाही. म्हणून दुसऱ्या शनिवारी मुकाट्याने पट्ट्या आणि नॉबवर आलो. नॉब थेट कोन सांगतो. काल काय झालं त्याच्याशी त्याला देणंघेणं नाही. दिसायला भिकार, पण इमानदार.

माझ्यापेक्षा हुशार लोकांनीही हाच हिशेब केलेला दिसतो. २०२३ मध्ये स्टॅनफर्डच्या 'अलोहा'ने चार यांत्रिक हातांची अख्खी मांडणी वीस हजार डॉलरच्या आत बसवली. दोन हात माणसाने धरून हलवायचे, दोन त्यांची नक्कल करणार. त्याच वर्षी बर्कलीच्या 'गेलो'ने हजारो डॉलरचा औद्योगिक रोबोट चालवायला तीनशे डॉलरच्या आतला, प्लास्टिकचा, छोटा जुळा हात बनवला. शांघायच्या 'एअरएक्सो'ने तर सांगाडाच अंगावर चढवायला दिला.

पण आता हेतू बदललाय. गर्ट्झला काम उरकायचं होतं. यांना माणसाच्या हालचाली साठवायच्या आहेत. पन्नास वेळा कप उचलून दाखवा, सगळे कोन नोंदवा, आणि मग माणसाला बाजूला करून यंत्राला शिकू द्या. वेथल रॉजर्सची टेप, फक्त आता ती नुसती वाजत नाही, तिच्यावरून यंत्र स्वतःचं काही जुळवतं.

बाबा आणि कागदी कप

बाबा भोसरीच्या एका कारखान्यात टूलरूममध्ये चौतीस वर्षं फिटर होते. परवाच्या शनिवारी ते गॅलरीत आले, पाच मिनिटं नुसते बघत बसले आणि म्हणाले, "दे इकडे."

पट्ट्या त्यांच्या हाताला बांधल्या. समोर चहाचा कागदी कप ठेवला. माझ्यापेक्षा त्यांचा हात खूपच स्थिर होता, पंजा बरोबर कपाच्या मध्यावर गेला. आणि कप चुरगाळला. दुसरा ठेवला, तोही चुरगाळला. तिसरा निसटून पडला. चौतीस वर्षं शतांश मिलिमीटरमध्ये काम केलेला माणूस! ते चिडले नाहीत. म्हणाले, "अरे, मी हा डोळ्यांनी पकडतोय. हाताला काही लागतच नाही."

मग त्यांनी आटे पाडायची गोष्ट सांगितली. भोकात टॅप फिरवताना अर्धा फेरा पुढे, पाव फेरा मागे, की चुरा तुटतो. टॅप मोडायच्या आधी एक क्षण हाताला कडक लागतो. तो क्षण ओळखायचा. "हे पोरांना सांगून येत नाही. हातावर हात ठेवून शिकवावं लागतं."

आणि मला एकदम १९४९ आठवलं. गर्ट्झने बटणं फेकून तारा का लावल्या, तर याच्यासाठी. स्वस्त करता करता आम्ही कोन ठेवला आणि स्पर्श वगळला. माझ्या साडेतीन हजारात तो नाही. अलोहा आणि गेलोच्या मूळ आवृत्त्यांतही जोर उलटा पाठवणाऱ्या मोटारी चालवलेल्या नाहीत. माणूस डोळ्यांवर भागवतो. जर उद्याची यंत्रं अशा नोंदींवरून शिकणार असतील, तर ती शिकतील ते बाबांच्या हाताचे कोन. कडक लागल्यावर हात का थांबला, ते नोंदीत नसेलच.

बाबांना हे सांगितलं. त्यांनी वेगळंच विचारलं. "हे सगळं साठवतात म्हणालास. मग ज्याच्या हातावरून शिकले त्याला काय मिळतं?" मला उत्तर देता आलं नाही. मी ज्या धंद्यात आहे तिथे हा प्रश्न हल्ली आमच्या कोडबद्दलही विचारला जातो, आणि तिथेही मला येत नाही. पण कोड लिहिणाऱ्यांनी निदान तो विचारला. टूलरूममधल्या माणसाला कुणी विचारायला जाईल असं वाटत नाही.

काल, म्हणजे तिसऱ्या शनिवारी, एक छोटा बदल केला. पंजाची मोटार अडली की ती जास्त वीज ओढते. ती मोजली, आणि जुन्या मोबाईलमधली थरथरणारी चिमुकली मोटार काढून बाबांच्या अंगठ्याशी बांधली. जेवढी वीज जास्त, तेवढी थरथर जास्त. गर्ट्झच्या तारेपुढे हे काहीच नाही. खरा जोर नाही, नुसती सूचना.

पहिले दोन कप गेले. तिसऱ्याला बाबा थांबले, अंगठ्याकडे न बघता पंजा केसभर सैल केला आणि कप उचलला. मग म्हणाले, "आता पाणी भर त्यात."

अर्धा भरला. एक इंच वर गेला आणि खांद्याच्या मोटारीने दम सोडला. टेबलावर पाणीच पाणी, अर्डुइनो थोडक्यात वाचला, आईने आतून जे ऐकवायचं ते ऐकवलं. पण कप चुरगाळला नव्हता.

पुढच्या शनिवारी जरा दमदार मोटार आणायला तपकीर गल्लीत जायचंय. बाबा येतो म्हणालेत. त्यांना मोटार हातात धरून, अडवून बघायची आहे म्हणे.